एकवीस शांत दुपारी

एका जंगलात, बाळांनो, एक आवाज होता.

खॅक्! खॅक्! खॅक्-र्र!

म्हाताऱ्या माणसाच्या घशात भाकरीचा तुकडा अडकावा आणि त्याने जोरात खाकरावे, तसा. मी तो फार वर्षांपूर्वी ऐकला. तेव्हा तुमच्याएवढा होतो. वडिलांबरोबर सरपण आणायला गेलो होतो. आवाज आला तसे वडील मोळी बांधता बांधता थांबले. माझा दंड धरला आणि हळूच म्हणाले, "हलू नको. वर कुणीतरी खालच्या कुणासाठी तरी ओरडतंय."

आम्ही हललो नाही. थोड्या वेळाने झाडे पुन्हा पहिल्यासारखी झाली. वडिलांनी मोळी बांधली आणि आम्ही घरी आलो. वाघ काही मला दिसला नाही. आवाज मात्र कानात राहिला. ही गोष्ट त्या आवाजाची आहे.

तर त्या जंगलात बेहड्याचे एक मोठे झाड होते. झाडावर वानरे राहत. झाडाखाली चितळ चरत. वानरे पाला निम्मा खात आणि निम्मा खाली टाकत. उपकार म्हणून नव्हे. वानरांना नीट जेवायची सवयच नसते. पण खाली पडलेला तो शेंड्याचा कोवळा पाला चितळांना मिळे. त्यांची मान काही शेंड्यापर्यंत पोहोचत नाही.

आणि शेंड्यावर नेहमी एक वानर बसलेले असे. पहारेकरी. वाघ दिसला की ते खाकरे, आणि खाली चितळ शेपट्या वर करून पळत.

पहाऱ्याचा नियम एकच होता. पहाऱ्यावर तोंडात काही घालायचे नाही. तोंड भरलेले असले तर ओरडणार कसे?

आपल्या गोष्टीच्या वेळी पहाऱ्यावर केरबा नावाचे वानर होते. त्याच्या बापानेही हाच पहारा केला होता. केरबाचा आवाज तीन टेकड्या ओलांडून जाई.

झाडाखाली सगुणा नावाची एक हरिणी चरायला येई. आली की मान वर करून आधी विचारी, "केरबा, आहेस का रे वर?"

"आहे की," केरबा म्हणे.

मग ती मान खाली घालून चरायला लागे. दोघांचे बोलणे एवढेच. पण ते रोजचे होते.

मग जंगलात फोन आले.

कसे आले ते मला विचारू नका. तुमच्या घरात कसे आले ते तुमच्या घरच्यांना तरी कुठे ठाऊक आहे? एके दिवशी नव्हते, एके दिवशी होते. आणि मग ते नव्हते तेव्हा आपण दिवसभर काय करत होतो, हे कुणालाच आठवेना.

मोर आधी फोन दगडाला टेकवून ठेवायचा, मग नाचायचा, मग किती जणांनी पाहिला ते मोजत बसायचा. ज्या लांडोरीसाठी नाच होता ती तोवर कंटाळून निघून जायची. सुतारपक्ष्याने अर्धवट पाडलेली भोके प्रत्येक झाडावर दिसू लागली. मुंग्यांची रांग मधेच थांबू लागली, कारण पुढची मुंगी काहीतरी बघत असे.

जंगलाचे अध्यक्ष अस्वल होते. ते निवडून आलेले नव्हते. त्यांना बसायला मोठा दगड लागे, आणि मोठा दगड सगळ्यांच्या पुढे होता. पुढे बसलेल्याला सगळे अध्यक्ष म्हणू लागले.

एक दिवस अस्वलाने केरबाला खाली बोलावले.

"केरबा, तुझं ते खाकरणं बंद कर बाबा. काल मी एक व्हिडिओ बघत होतो. मध काढायची नवीन पद्धत. ऐन मोक्याला तू कानाशी ओरडलास. फोन हातातून पडायचा राहिला."

"वाघ आला होता, अध्यक्षसाहेब."

"आला होता ना? मग ग्रुपवर टाकायचं. 'जंगल परिवार' कशाला काढलाय आपण?"

"पण न ओरडता समद्यांना कळंल का?"

"अरे, सगळ्यांचं तोंड दिवसभर फोनातच असतं. तुझ्या ओरडण्याच्या आधी कळेल."

आणि बाळांनो, खरेच तसे झाले. अस्वलाचे काही चुकले नव्हते. केरबा लिहायला शिकला. पहिल्या दिवशी त्याने 'वा' एवढेच लिहिले आणि पुढचे फोनने आपल्या मनाने लिहून टाकले. त्यामुळे सगळ्या जंगलाने सुगरणीला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. तिचा वाढदिवस कधी असतो हे तिलाही माहीत नव्हते, तरी तिने आभार मानले. पण मग केरबाचा हात बसला. 'वाघ. ओढ्याकडून.' एवढे लिहिले की चितळ तत्काळ पळत. पळता पळता 'धन्यवाद केरबा' असेही टाकीत.

केरबाला बरे वाटे. ओरडायचो तेव्हा कुणी धन्यवाद म्हणत नव्हते, असे तो मनात म्हणे. दोन वर्षे तो ओरडला नाही. पहाऱ्यावर तोंडात काही घालायचे नाही हा नियम त्याने पाळलाच. तोंड रिकामे होते. घसाही रिकामा होता.

खरे तर लिहायची वेळही पुढे पुढे फारशी येईना. कारण फोन वाघाकडेही होता.

वाघ करवंदीच्या जाळीत पडून असे आणि दुसऱ्या जंगलातले वाघ शिकार कशी करतात ते बघत असे. एक संपली की दुसरी आपोआप सुरू होई. बघून बघून त्याला वाटे की आपण पुष्कळ शिकार केली आहे. पोट मात्र रिकामे असे. मग तो उठे, चार पावले टाकी, त्याला धाप लागे, डोळ्यांतून पाणी येई, आणि तो परत जाळीत जाऊन पुढची शिकार बघे. मेलेले उंदीर आणि खेकडे खाऊन तो दिवस काढीत होता. तीन टेकड्यांत इतका थकलेला वाघ कुणी पाहिला नव्हता.

अशा रीतीने त्या जंगलात सगळे थकलेले होते, आणि सगळे जिवंत होते.

त्या वर्षी सगुणाला पाडस झाले. हे तिचे तिसरे. पहिले ओढ्याच्या पुरात गेले होते. दुसरे उभेच राहिले नव्हते. हे तिसरे जन्मल्या जन्मल्या उठून उभे राहिले, पडले, परत उभे राहिले. सगुणाने त्याचे नाव ठिपकी ठेवले. खरे तर चितळाच्या प्रत्येक पाडसाच्या अंगावर ठिपके असतात. पण आईला आपल्याच पाडसाचे दिसतात.

ठिपकीला दूध पुरत नसे. सगुणा चरत होती, पण एक डोळा गवतावर आणि एक फोनवर. आपण काय खाल्ले ते तिला कळत नसे. रात्र संपली तरी तिची झोप झालेली नसे.

एक दिवस ठिपकी समोर येऊन उभी राहिली. अंगावरून पाणी ठिबकत होते.

"आई, मी कुठं जाऊन आले, सांग."

"इथंच तर होतीस गं," सगुणा फोनातून म्हणाली.

"चूक! ओढ्यापल्याड जाऊन आले. एकटी. पाण्यातनं."

सगुणाने फोनातून मान वर काढली. ओढा. पहिले पाडस तिथेच गेले होते. आणि ही त्याच पाण्यातून गेली आणि आली, आणि आपण इथेच उभ्या होतो.

ती तशीच अस्वलाकडे गेली.

"अध्यक्षसाहेब, माझ्यानं हा फोन सुटत नाही. काहीतरी करा. अंगात जीव नाही, डोकं शांत नाही, आणि पोर माझ्या डोळ्यांदेखत ओढा ओलांडून येती तरी मला दिसत नाही."

अस्वल म्हणाले, "माझंही तेच आहे, सगुणाबाई. परवा मधमाश्या चावल्या. कधी चावल्या ते सुजल्यावर कळलं."

मग जंगलाची बैठक बसली.

त्या दिवसांत ओढ्याकाठच्या खडकावर एक घोरपड राहायला आली होती. ती चार-चार तास हलत नसे. घोरपडीचे रक्तच थंड असते, तिला उन्हात तसे पडून राहावेच लागते. पण अस्वलाने तिला एकदा पाहिले आणि त्याला वाटले, काय ही शांती! त्याने तिला बैठकीत आणून स्वतःच्या दगडावर बसवले.

घोरपडताई सावकाश बोलल्या. "रोज दुपारी दोन तास. सगळ्यांचे फोन बेहड्याच्या ढोलीत. डोळे बंद. कानसुद्धा बंद. म्हणजे आवाज येईल, पण तो आत घ्यायचा नाही. बाहेरचं बाहेर. अशा एकवीस दुपारी सलग झाल्या पाहिजेत. एकानं जरी मोडलं, तरी सगळ्या जंगलाची मोजणी पुन्हा एकपासून."

ठिपकीने मधेच विचारले, "ताई, तुम्ही फोन कसा सोडला?"

"धरलाच नाही बाळ. उन्हात त्यात काही दिसत नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. केवढा हा संयम, असे सगळ्यांना वाटले.

तेवढ्यात वरून केरबा म्हणाला, "एक इचारू का?"

"विचार," अस्वल म्हणाले.

"दुपारच्याला वाघ दिसला तर मी ग्रुपवर टाकीन. पण फोन तर समदे ढोलीत. मग वाचणार कोण?"

मग रानडुक्कर खो-खो हसले. "कुठला वाघ? त्या जाळीतला? त्याला माशी उठवता येत नाही तोंडावरची!"

सगळे हसले. अस्वलही हसले. पण अध्यक्ष असल्यामुळे ते शेवटी म्हणाले, "हसू नका. प्रश्न चांगला आहे. केरबा, तू हा प्रश्न ग्रुपवर टाक. पुढच्या बैठकीत घेऊ. तोवर पहारेकरी म्हणून तुला फोन जवळ ठेवायची सूट."

केरबाने प्रश्न ग्रुपवर टाकला. त्याला सतरा अंगठे आले. पुढची बैठक झालीच नाही.

पहिल्या दुपारी जंगलात नुसती चुळबुळ होती. खारीचा पाय आपोआप ढोलीकडे जाई. मोर डोळे मिटून बसला होता, पण आपण डोळे मिटलेले कसे दिसतो हे बघायला मिळत नाही म्हणून बेचैन होता. तिसऱ्या दुपारी चुळबुळ कमी झाली. पाचव्या दुपारी रानडुकराला आपल्याच पोटाचा आवाज ऐकू आला आणि तो त्याला आवडला.

सहाव्या दिवशी सगुणाला सकाळी जाग आली, तेव्हा झोप झालेली होती. तिने गवत खाल्ले आणि गवताची चव लागली. ठिपकी प्यायला आली आणि पीतच राहिली. बराच वेळ. मग तोंड वर करून म्हणाली, "आई, आज संपलं नाही."

सगुणाच्या डोळ्यांत पाणी आले. बाळांनो, मी तुम्हाला खोटे सांगणार नाही. फोन ठेवल्याने खरेच बरे वाटते.

वर केरबाला मात्र चैन पडत नव्हते. लिहिलेले कुणी वाचणार नाही, म्हणजे वेळ आली तर ओरडावे लागणार. आणि आपल्याला ओरडता येते का, हे एकदा बघायला हवे.

नवव्या दुपारी त्याने बघितले. पहिल्यांदा नुसता वारा निघाला. खिस्स. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा त्याने पोटापासून जोर लावला आणि एक फाटका 'खॅक्' बाहेर पडला.

सगळ्या जंगलाचे डोळे उघडले.

"कुठंय? कुठंय वाघ?"

"वाघ न्हाई," केरबा ओशाळून म्हणाला. "मी नुसता घसा बघत होतो."

"घसा बघत होतास?" अस्वल उभे राहिले. "नऊ दुपारी गेल्या पाण्यात! पुन्हा एकपासून! कुणी सांगितलं होतं घसा बघायला?"

"घसा बघतोय म्हणे! वैदू लागून गेलाय!" रानडुक्कर ओरडले.

मोराने तर तोंडच फिरवले. संध्याकाळी ग्रुपवर कुणी केरबाचे नाव घेतले नाही, पण 'काही जणांना इतरांची प्रगती बघवत नाही' असे बारा जणांनी टाकले.

दुसऱ्या दिवशी सगुणा एकटीच झाडाखाली आली. तिने मान वर केली.

"केरबा, रागावले नाही मी. पण माझ्यासाठी एवढं कर. आत्ता कुठं दूध उतरायला लागलंय. आता पुन्हा नको ओरडूस रे."

केरबा खाली बघत राहिला. ठिपकी आईच्या पोटाखाली उभी होती. तिच्या ओठांवर दुधाचा फेस होता.

"बरं," तो म्हणाला.

"पण आहेस ना वर?"

"आहे की."

मोजणी पुन्हा सुरू झाली. एक. दोन. तीन. कुणी चुकले नाही.

बाराव्या की तेराव्या दिवसाची गोष्ट. वाघ तळ्यावर पाणी प्यायला गेला. पाणी पिताना तो फोनात बघत होता. फोनमधल्या वाघाने उडी मारली, हा दचकला, आणि फोन तळ्यात पडला.

वाघ काठावर बसला. फोन वर येईल असे त्याला वाटत होते. पहिला दिवस तो पाण्याकडे बघत थरथरत होता. दुसऱ्या दिवशी बसल्या जागी झोपला आणि सूर्य मावळेपर्यंत उठला नाही. तिसऱ्या दिवशी त्याच्या डोळ्यांतले पाणी थांबले. चौथ्या दिवशी त्याला लांबून पिकलेल्या उंबरांचा वास आला, त्यामागून रानडुकराचा, आणि त्यामागून आणखी कसला तरी कोवळा, दुधाचा वास आला.

सहाव्या दिवशी तो उठला. धाप लागली नाही.

त्याने कसलाही संकल्प केला नव्हता. तो कुठल्या बैठकीला नव्हता. त्याच्या दुपारी कुणी मोजल्या नव्हत्या. तरी त्याचे मन शांत झाले होते, अंग हलके झाले होते, आणि फार दिवसांनी त्याचे लक्ष एका जागी लागत होते.

एकविसावी दुपार आली. आज शेवटची. सगळ्यांचे फोन ढोलीत गेले. अस्वल दगडावर बसले. चितळ झाडाखाली पाय दुमडून बसले. सगुणा बसायच्या आधी म्हणाली, "ठिपके, लांब जाऊ नको. मी आहे इथंच."

पाडसांना संकल्प नव्हता. ठिपकी एका नाकतोड्याच्या मागे लागली.

फार सुंदर दुपार होती. वारा नव्हता. कुणी कुणाला त्रास देत नव्हते. सगळ्या जंगलाचा श्वास एकदम आत जात होता आणि एकदम बाहेर येत होता.

केरबाला तेव्हा ओढ्याकडचे गवत हललेले दिसले.

वारा नव्हता, तरी गवत हलले. मग त्यात एक पिवळा पट्टा दिसला. मग दिसेनासा झाला. मग थोडा अलीकडे दिसला. हा वाघ धापा टाकत नव्हता. हा पाऊल टाकायच्या आधी जमीन बघत होता.

केरबाने फोन उचलला. 'वाघ. गवतातून. ठिपकीकडे.' एका दमात लिहिले. बोट कुठेच चुकले नाही.

ढोलीत एकही फोन वाजला नाही. आवाज सगळ्यांनी बंद करून ठेवले होते.

त्याने तेच पुन्हा टाकले. मग खाली बघितले. सगुणाचे डोळे मिटलेले होते. तिचा चेहरा इतका शांत केरबाने कधी पाहिला नव्हता. आज शेवटची दुपार. वाघ वळला तर? तो कुणाला दिसलाच नाही तर? पुन्हा एकपासून. पुन्हा 'घसा बघत होतास?' आणि सगुणा काय म्हणेल?

हे सगळे मनात यायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात वाघ आणखी पाच पावले आला.

केरबाने तोंड उघडले. खिस्स.

पुन्हा उघडले. खिस्स.

त्याने फांदी धरली आणि सगळ्या ताकदीने हलवली. पाला तोडला आणि खाली फेकला. मुठीमुठींनी फेकला. तो सगुणाच्या पाठीवर पडला, मानेवर पडला, नाकावर पडला. पण त्या झाडावरून पाला तर रोजच पडत होता. सगुणाने डोळे न उघडता नाकावरचे पान जिभेने ओढून खाल्ले.

मग केरबाच्या घशातून कसाबसा तो आवाज आला. बारीक आणि फाटका.

खॅक्.

सगुणाचा एक कान उभा राहिला.

तेवढाच. एक कान. मग तिला घोरपडताईंचे शिकवणे आठवले. बाहेरचे बाहेर. आवाज येईल, आत घ्यायचा नाही. आणि केरबा आपल्याला 'बरं' म्हणालाय. तिने कान हळूच पाडला.

नाकतोडा उडून गवतात गेला. ठिपकी त्याच्या मागे गवतात गेली.

वाघाने एकच उडी मारली. ती चुकली नाही. ठिपकीला हाक मारायला वेळ मिळाला नाही, त्यामुळे त्या दुपारची शांतता कुठेही मोडली नाही.

दोन तास पुरे झाले. घोरपडताई म्हणाल्या, "आता हळूच डोळे उघडा."

"एकवीस!" अस्वलाने दोन्ही पंजे वर केले. "झाल्या एकवीस! आजची तर काय दुपार होती! पान हललं नाही!"

"मला तर वाटलं, मी नाहीच," रानडुक्कर भारावून म्हणाले.

सगळे ढोलीकडे धावले. इतक्या दिवसांची शांतता कळवायची तर फोन लागणारच. फोन उघडले. सगळ्यांत वर केरबाचे दोन संदेश होते. वाघ. गवतातून. ठिपकीकडे. खाली वेळ होती, तीन वाजून दहा मिनिटे.

आता साडेचार वाजले होते.

तोवर मोराने 'एकवीस दुपारी पूर्ण, सर्वांचे अभिनंदन' असे टाकलेही होते. त्याच्याखाली खारीने हात जोडले. त्याच्याखाली रानडुकराने फुले टाकली. फुले अभिनंदनाची की दुःखाची, ते त्याने लिहिले नाही. घोरपडताई म्हणाल्या, "दुःख करा. पण शांतपणे करा." अस्वल म्हणाले, "केरबानं वेळेवर कळवलं होतं, हे नोंदवून घ्या. पहाऱ्यात चूक नाही."

सगुणाने फोन घेतला नव्हता. ती गवताच्या कडेला उभी होती. "ठिपके," तिने हाक मारली. मग जरा मोठ्याने, "ठिपके गं." गवत एका जागी दबलेले होते. तिथून ओढ्यापर्यंत ते आडवे पडत गेले होते. तिने ते बघितले. ती पुन्हा झाडाखाली आली.

केरबा शेंड्यावरून खाली उतरला. पहारा चालू असताना जमिनीला पाय लावायची त्याच्या घराण्यात पद्धत नव्हती. त्याने फोन तिच्यापुढे धरला.

"सगुणा, मी टाकलं होतं गं. हे बघ. दोनदा टाकलं. हे बघ की."

सगुणाने फोनाकडे बघितले नाही. तिने मान वर केली आणि झाडाच्या शेंड्याकडे पाहिले. तिथे आता कुणी नव्हते. ती जरा वेळ तशीच बघत राहिली, रोज विचारायच्या आधी बघायची तशी.

मग तिने मान खाली घेतली आणि ती वळली. केरबाने टाकलेला पाला अजून तिच्या पाठीवर होता. तो तसाच घेऊन ती त्या झाडाखालून चालत गेली.

तात्पर्य : फोन बाजूला ठेवला की अंगात ताकद येते, मन शांत होते आणि नजर एका जागी ठरते. ज्यांना शंका असेल त्यांनी वाघाला विचारावे.